नॉकनच्या कड्यावरील रेघ

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर उल्लापूल नावाचे छोटे बंदर आहे. तेथून उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर नॉकन क्रॅग हा कडा लागतो. रस्त्यावरून पाहता तो सामान्यच वाटतो. आसपासचे डोंगर त्याहून कितीतरी देखणे आहेत. तरीही जगभरचे भूशास्त्रज्ञ येथील पायवाट चढतात, ते कड्यावरील एका रेघेसाठी. रेघेखाली फिकट चुनखडक, वर काळसर शिस्ट. प्रवाशाचा एकच तळहात दोहोंना स्पर्श करू शकतो.

पेढीच्या माळ्यावर जमाखर्चाच्या वह्या रचल्या जातात, तेव्हा जुनी वही तळाशी आणि नवी वर राहते. खडकांच्या थरांचाही साधारण नियम हाच. येथे मात्र खालचा खडक सुमारे ५० कोटी वर्षांचा, तर वरचा त्याच्या जवळजवळ दुप्पट वयाचा आहे. सरकारी भूसर्वेक्षणाचे प्रमुख सर रॉडरिक मर्चिसन यांनी, वर आहे म्हणून तो नवाच, असा निर्णय दिला. अ‍ॅबर्डीनचे प्राध्यापक जेम्स निकोल यांनी तो नाकारला. पण अधिकारापुढे त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. निकोल १८७९ मध्ये निवर्तले. १८८४ मध्ये मर्चिसन यांचेच अनुयायी आर्चिबाल्ड गायकी यांनी चूक जाहीरपणे मान्य केली. कबुली प्रामाणिक होती, पण ती ऐकायला निकोल उरले नव्हते.

सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंडांच्या टकरीत जुना खडक नव्यावर चढला आणि कित्येक दशके किलोमीटर पश्चिमेस सरकला. चार्ल्स लॅपवर्थ या मूळच्या शाळाशिक्षकाने उत्तरेस एरिबोलच्या खाडीकाठी हे ताडले. त्या श्रमांत त्यांची प्रकृती ढासळली. रात्री तो खडक आपल्याच अंगावरून घासत जात असल्याचा भास त्यांना होई, असे सांगतात. सीमेवरच्या बारीक कणांच्या, पट्टेदार खडकाला त्यांनी १८८५ मध्ये ‘मायलोनाइट’ हे नाव दिले. त्याचे मूळ ग्रीक भाषेतील गिरणीवाचक शब्दात आहे. प्रचंड दाबाखाली खडक पिठासारखा दळला गेला, अशी त्यांची समजूत होती.

ती निम्मीच खरी ठरली. दहा-पंधरा किलोमीटर खोलीवर तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तेथे क्वार्ट्झ न वितळता, घन राहूनच, अतिशय संथपणे वाहू लागतो. ताणलेल्या मोठ्या स्फटिकांच्या जागी नवे, सूक्ष्म स्फटिक जन्मतात. त्यात पाण्याचा अंश शिरला की क्वार्ट्झ आणखी मऊ होतो, हे १९६५ मध्ये ग्रिग्ज आणि ब्लॅसिक यांनी प्रयोगशाळेत दाखवले. हेच पाणी फेल्डस्पारचे रूपांतर निसरड्या अभ्रकात करते. असा पट्टा एकदा दुबळा झाला की पुढची हालचालही त्यातच एकवटते आणि तो अधिकच दुबळा होतो. शेजारचा खडक मात्र फारसा न बदलता तसाच राहतो. एवढा मोठा भूभाग सरकला, तो अशा अरुंद पट्ट्यांवरून.

दळले जाणे खरे ठरले ते फेल्डस्पारच्या बाबतीत. तेवढ्या उष्णतेतही तो ताठर राहतो आणि वाकण्याऐवजी तुटतो. म्हणून मायलोनाइटच्या तुकड्यावर भिंग धरले की वाहत्या रेषांच्या मधोमध त्याचे उरलेले कण डोळ्यांसारखे दिसतात, आणि रेषा त्यांना वळसा घालून पुढे जातात.