पाळीवरून, परकोटावरून

चंद्रपूर म्हटलं की बाहेरगावचा माणूस वाघ म्हणतो, आणि वाघ म्हटलं की जिप्सी. मुलांना वाघ दिसला तर आनंदच आहे. पण गाडीतल्या त्या तीन-चार तासांत त्यांचे पाय मातीला लागत नाहीत. ताडोबाच्या कोअरमध्ये पायी फिरायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मग चंद्रपूर-गडचिरोलीत लेकराबाळांसह, म्हाताऱ्या माणसांसह चालायचं कुठे? त्यासाठी ही टिपणं ठेवत आलो. चाळताना दिसतं, जवळजवळ प्रत्येक पान पाण्याकाठचं आहे. इथल्या राजधान्या नदीकाठी, देवळं नदीकाठी, धानशेती तलावाखाली. पाण्याचा काठ धरून चाललं की जुना काळ वाटेतच भेटतो.

*

सुरुवात परकोटापासून करावी. चंद्रपूरभोवतीची गोंडकालीन भिंत सुमारे ११ किलोमीटरची. चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. आणि पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, मसाण, चोर. खिडकी म्हणजे माणूस पायी जाईल असं छोटं दार. मुलांना दरवाज्यांपेक्षा खिडक्याच आवडतात, त्यातही चोर खिडकी. तिच्यातून कोण जात असेल यावर गप्पा अर्धा तास पुरतात.

ही भिंत कित्येक वर्षं झाडोऱ्यात आणि कचऱ्यात बुडालेली होती. शहरात राहणाऱ्यालाही तिच्यावरून चालता येतं हे ठाऊक नव्हतं. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी कोयते-फावडी घेऊन ती साफ करायला घेतली आणि महिनोन्‌महिने ते काम सोडलं नाही. आज बुरुजावर उभं राहून एका हाताला जुनी वस्ती आणि दुसऱ्या हाताला वाढलेलं शहर मुलांना दाखवता येतं, ते त्या हातांमुळे. परकोटावर जाल तेव्हा रिकामी बाटली, वेफर्सची पुडी परत घेऊन या. एवढं तर आपण त्यांचं देणं लागतो.

दरवाज्यावरच्या कोरीवकामात हत्तीवर मात करणारा सिंह आहे. गोंड राजांचं ते राजचिन्ह. एकदा ओळखता आलं की पोरं पुढच्या दरवाज्यापर्यंत न कुरकुरता चालतात.

*

अंचलेश्वर दरवाज्यापाशी झरपट नदी. शहराच्या जन्माची दंतकथा इथलीच. बल्लारपूरच्या खांडक्या बल्लाळशाहाच्या अंगावर खांडकं होती. शिकारीत तहान लागली म्हणून तो झरपटेच्या एका डबक्यातलं पाणी प्याला, तोंड-हात धुतले, आणि अंग बरं झालं. पुढे एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला त्याला दिसला. कुत्रा पुढे, ससा मागे! ही जागा साधी नव्हे, असं राणीने सांगितलं आणि ससा आणि कुत्रा धावले त्या वाटेवर भिंत उभी राहिली. बुरुजावर बसून ही गोष्ट सांगितली की भिंतीची वळणं मुलांच्या लक्षात येतात: इथे ससा वळला असेल, इथे कुत्रा थांबला असेल.

त्याच झरपटेवर आज जलपर्णीचा हिरवा थर आहे आणि शहराचं सांडपाणी तिच्यात उतरतं. मुलगी नाक धरून विचारते, राजा हेच पाणी प्याला का? तिला खरं उत्तर द्यावं. नदी तीच आहे. हे आपण केलं आहे आणि ते दुरुस्त करणंही आपल्याच हातात आहे.

अंचलेश्वराजवळ गोंड राजा वीरशहाची समाधी. नवरा मारला गेल्यावर राणी हिराईने ती बांधवली, राज्यही सांभाळलं, महाकालीचं देऊळही तिच्याच नावाशी जोडलेलं. चैत्रात मराठवाड्यातून, तेलंगणातून महाकालीला येणारे यात्रेकरू झरपटेवरच आंघोळीला उतरतात. त्या गर्दीत लहान मुलांना नेऊ नये. इतर दिवसांत समाधी, देऊळ आणि दरवाजा हा फेरा आजीलाही झेपतो.

*

चंद्रपुरातलीच लालपेठ. उघड्यावर पडलेल्या प्रचंड दगडी मूर्ती, रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याने देवळासाठी घडवून घेतलेल्या. देऊळ झालंच नाही. दहा तोंडांच्या देवीची मूर्ती तर पंचवीस फुटांच्या आसपास. लोक तिला रावण म्हणतात. मुलांनी तिच्या पायापासून डोक्यापर्यंत पावलं मोजावीत.

*

चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारातला पिंपळ. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबुराव शेडमाके यांना चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, फाशी दिलं, त्याची ही जागा. गोंड जमीनदाराच्या घरातला पंचविशीतला तरुण इंग्रजांविरुद्ध उभा राहिला होता. रोज आवारात जाता येत नाही, पण रस्त्यावरून जाताना मुलांना नाव सांगावं, तारीख सांगावी.

*

भद्रावतीला अख्खा दिवस ठेवा. विजासनची लेणी बाहेरून साधी टेकडी दिसते. आत सरळ लांब बोळ जातो, शेवटी बुद्ध बसलेला; दोन्ही बाजूंना आणखी बोळ फुटतात. बॅटरी न्यावी, पण आत गेल्यावर ती थोडा वेळ बंद करावी. अंधार म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना ठाऊकच नसतं.

गावच्या तलावात जुना दगडी पूल आहे, खांबांवर आडव्या शिळा टाकलेला. पाण्यातून बेटाकडे जाणारी अशी वाट मी या भागात दुसरीकडे पाहिली नाही. जैन देऊळ आणि भद्रनागाचं देऊळ जवळच. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग ज्या कोसलच्या राजधानीत आला ती हीच, असं पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमचं मत होतं. बाकीच्यांचं मत वेगळं असेल, पण बुद्ध, जिन आणि नाग एकाच गावात पाहिल्यावर हे गाव एके काळी मोठं होतं याबद्दल शंका राहत नाही.

*

आता मामा तलाव. माझं सगळ्यात जास्त प्रेम यांच्यावर.

माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात असे हजारो आहेत. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, पलीकडे आरमोरी, वडसा, जिकडे धान तिकडे तलाव. त्यातले कितीतरी कोहळी समाजाने बांधले. उताराच्या जमिनीवर नेमकी कुठे मातीची पाळ घातली की पाणी थांबेल, किती उंच घातली की खालच्या धानाच्या बांध्या भिजतील, जास्तीचं पाणी कुठल्या बाजूने सांडून द्यायचं, हे कागद-पट्टीशिवाय कळणारी माणसं ती. एका तलावाचं सांडलेलं पाणी ओढ्याने खालच्या तलावात, तिथून आणखी खाली. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालक गेला, आणि बऱ्याच ठिकाणी राखणारंही कोणी उरलं नाही. गाळ साचला, बेशरमाची झुडपं वाढली. जिथे गावाने लक्ष दिलं तिथे तलाव जिवंत आहेत, आणि मासेमार ढिवरांच्या सोसायट्या त्यात मासे धरतात.

पाळीवरून चालणं म्हणजे कुटुंबासाठी याहून सोपी वाट नाही. सपाट, दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंद, एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला बांध्या. नोव्हेंबरात धान कापणीला आलेलं असतं. त्याच ओल्या मातीत लाखोळी फेकलेली, जानेवारीत तिला निळी फुलं. पाण्यात शिंगाडा, कमळं. कमळाच्या पानावरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी. अडईचे थवे शिट्ट्या घालत उठतात. दुर्बीण एकच असली तर भांडण होतं, म्हणून पाळी ठरवून घ्यावी.

जाळं सुकवणाऱ्या एका ढिवरदादांनी हटकलं होतं, "पोरायले सांडव्याकडं नेऊ नका, शेवाळ हाये." तेव्हापासून सांडव्यापाशी मुलांचा हात सोडत नाही.

मोठं पाणी पाहायचं तर नागभीडजवळचं घोडाझरी किंवा सावलीकडचं असोलामेंढा, दोन्ही ब्रिटिश काळातले. घोडाझरीला डोंगर तलावापर्यंत उतरतो, सहलीची गर्दी असते. भोवतीचं जंगल २०१८ पासून अभयारण्य आहे. भिंतीवर फिरा, झाडीत शिरू नका.

*

जंगलाचा नियम एका ओळीत: उजाडल्यावर निघा, उन्हं उतरायच्या आत परत या, आणि मार्च-एप्रिलमध्ये तर झाडीत जाऊच नका. मोहफुलं वेचायला बाया पहाटे वाकून बसतात आणि वाघाचे हल्ले तेव्हाही होतात. ज्यांना पोटासाठी जावं लागतं त्यांच्याविषयी आदर ठेवून आपण हौशी माणसांनी बाहेर राहावं. शिवाय उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिसच्या वर जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच आपले महिने.

*

डब्यात सांबारवडी. कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात, हे पुण्याच्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावं.

*

मार्कंडा. चामोर्शीपासून जवळ, वैनगंगेच्या काठी. दक्षिणेकडे निघालेली नदी इथे उत्तरेला वळते, म्हणून जागा पवित्र. सकाळी देवळामागे उभं राहून मुलाला विचारा, सूर्य कुठल्या हाताला, पाणी कुठे चाललंय? दिशा शिकवायला यापेक्षा चांगला वर्ग मिळणार नाही.

एका आवारात अनेक देवळं, मुख्य देऊळ मार्कंडेश्वराचं. भिंतीवर इंचभर जागा मोकळी नाही: शिव, अप्सरा, वादक, हत्तींच्या रांगा. विदर्भाचं खजुराहो म्हणतात, पण मला ते म्हणणं कमीपणाचं वाटतं. मार्कंड्याला नदी आहे, वाळू आहे, आणि महाशिवरात्रीला सगळा मुलूख इथे लोटतो. अठराव्या शतकात वीज पडून शिखर ढासळलं. १८७० च्या दशकात कनिंगहॅमने इथल्या देवळांची नोंद केली. अलीकडे मुख्य देवळाचे दगड उतरवून पुन्हा रचायचं काम पुरातत्त्व खात्याने घेतलं आणि ते वर्षानुवर्षं रेंगाळलं. आपला देव असा उघड्यावर पाहताना भाविकांच्या जिवाला लागतं, आणि ते बरोबरच आहे.

मुलांना शोधायला काम द्या: वीणा वाजवणारी, आरशात पाहणारी, माकड. सापडलं नाही तरी शोधताना ती भिंत वाचतात.

नंतर वाळूत. हिवाळ्यात पाट आटलेला असतो. तरी गोसेखुर्द धरणाचं पाणी सोडतात तेव्हा पातळी वाढते, म्हणून काठावरच्या डोंगेवाल्याला विचारल्याशिवाय पात्रात उतरू नये.

*

वैरागड, आरमोरी तालुका. खोब्रागडी आणि सातनाला यांच्या बेचक्यातला किल्ला, भोवती खंदक. इथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ऐन-इ-अकबरीत आहे. हे सांगितल्यावर मुलं नदीतला प्रत्येक चकाकता गोटा खिशात घालतात. घालू द्यावेत.

*

चपराळा. मुलताईहून आलेली वर्धा आणि शिवनीच्या मुंडाऱ्याहून आलेली वैनगंगा इथे भेटतात आणि प्राणहिता होतात. प्राणहिता अवघी ११३ किलोमीटरची, सिरोंच्यापाशी गोदावरीत संपते. घरून निघतानाच नकाशावर दोन्ही नद्यांवर बोट फिरवून यावं, म्हणजे संगमावर आल्यावर पाणी ओळखीचं वाटतं. प्रशांतधामच्या मारुतीपर्यंत सहज जाता येतं. भोवती अभयारण्य आहे, तेव्हा वाट सोडू नये.

*

आलापल्ली ते भामरागड रस्त्यावर 'ग्लोरी ऑफ आलापल्ली'. आलापल्लीचा सागवान सगळीकडे गेला. हा सहा हेक्टरांचा तुकडा १९५३ मध्ये कुऱ्हाडीपासून राखून ठेवला. २०१४ मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ झाला. नावाला शोभणारी झाडं आहेत. एका बुंध्याला वेढा घालायला आमचं अख्खं घर हातात हात धरून उभं राहिलं. राखीव म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून कळत नाही ते इथे कळतं, कारण लगेच बाहेर लागवडीचा कोवळा साग रांगेत उभा दिसतो.

*

भामरागड: इंद्रावती, पामुलगौतमी, पर्लकोटा. तीन नद्या, पलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरात गावाचा संपर्क तुटत आला आहे, दिवाळीनंतरच या. वाटेत हेमलकसा, १९७३ पासूनचा लोकबिरादरी प्रकल्प. तिथे दवाखाना आणि शाळा चालते. आपण पाहुणे आहोत, पेशंटांचे फोटो काढू नयेत हे मुलांना आधी सांगावं.

*

गडचिरोलीतल्या पुष्कळ गावांना आता सामूहिक वनहक्क आहेत. धानोऱ्याच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये ते सगळ्यांत आधी मिळवले. म्हणजे रस्ता सोडून ज्या ओढ्याकाठी आपण चादर पसरणार, ती जागा ग्रामसभेची. आधी गावात थांबावं, पाटलाला किंवा सभेच्या माणसाला विचारावं, गावातलाच एखादा मुलगा वाटाड्या म्हणून घ्यावा आणि त्याची दिवसभराची मजुरी आधीच ठरवून द्यावी. माडिया-गोंडीत झाडाचं नाव तो सांगेल, आपली पोरं मराठीत सांगतील.