आमचा डावा पाय

मोटार हांकण्याची विद्या आम्हांस चाळिशीच्या उंबरठ्यावर प्राप्त झाली. वाचकांनीं हंसूं नये. ज्या वयांत इतर गृहस्थ आपल्या मुलांस सायकल शिकवितात त्या वयांत आम्ही मोटार शिकविणाऱ्या एका वर्गांत पोरासोरांबरोबर रांगेंत उभे राहिलों, आणि यथाकाल परवाना खिशांत घालून घरीं आलों.

त्याच वर्षीं, म्हणजे २०१६ सालीं, आमचे एक ज्येष्ठ सहाध्यापक सेवानिवृत्त झाले. त्यांची लहानशी मोटार आम्हीं विकत घेतली. ती नऊ वर्षांची होती व ५८,००० किलोमीटर चालली होती. किल्ली हातीं देतांना गुरुजी एवढेंच म्हणाले, "जपून वापरा. मी जपली आहे."

वर्ष पुरें होण्यापूर्वींच, आणखी ७,००० किलोमीटर झाले न झाले तोंच, क्लच गेला. एंजिन ओरडे, पण चढावर गाडी पुढें सरकेना. सारा संच नवा बसवावा लागला. ते पैसे मोजतांना आमच्या मनांत जो विचार आला तो लिहावयास लाज वाटते. परंतु तो न लिहितां हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं. आम्हांस वाटलें, गुरुजींनीं झिजलेला क्लच जाणूनबुजून आमच्या गळ्यांत बांधला! तोंडानें आम्ही कांहीं बोललों नाहीं. पण ते बाजारांत भेटले म्हणजे आम्ही घाईंत असूं. त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाचें बोलावणें आलें तेव्हां आम्हांस नेमके पेपर तपासावयाचे होते. शिक्षकापाशीं ही सबब बारमाही असते. अशीं दोन वर्षें गेलीं.

२०१९ च्या मे महिन्यांतील एका रविवारीं आम्ही सहकुटुंब वाईहून पांचगणीस निघालों. मागच्या आसनावर आमची वृद्ध आई होती. सुटीचे दिवस, पसरणीच्या घाटांत मोटारींची रांग लागलेली. चार हात पुढें जावें, थांबावें, पुन्हां चार हात जावें. ब्रेक लावण्याऐवजीं आम्ही क्लच अर्धवट सोडून गाडी चढावर तोलून धरीत होतों, आणि या कौशल्याचा आम्हांस थोडा अभिमानहि वाटत होता. चौथ्या कीं पांचव्या वळणावर करपल्याचा उग्र वास सुटला. आम्हीं मुलांस सांगितलें, पुढच्या ट्रकचा असेल. थोड्याच वेळांत आमचीच गाडी मागें घसरूं लागली, आणि मागच्या मोटारीनें कर्णा वाजविला. आईस भर उन्हांत कठड्याशीं बसवावें लागलें. शेवटीं दोर बांधून गाडी वाईस परत आणली.

या खेपेस संच बसवून १५,००० किलोमीटरहि झाले नव्हते. गॅरेजांतील वृद्ध मिस्त्रींनीं काढलेली चकती आमच्या हातांत दिली. तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी ती काळी पडली होती. वरचें अस्तर जाऊन रिव्हेटी उघड्या पडल्या होत्या. नवी प्लेट बसविल्यावर ते म्हणाले, "चला सर, एक फेरी मारूं." आम्ही हांकीत होतों, ते शेजारीं बसले होते. त्यांनीं रस्त्याकडे एकदांहि पाहिलें नाहीं. ते सारा वेळ खालीं आमच्या पायाकडे पाहत होते. परत आल्यावर म्हणाले, "सर, गाडी बेस हाय. तुमचा डावा पाय तेवढा घरी ठिवून येत जावा."

आम्ही वीस वर्षें नववीस घर्षण शिकवीत आलों आहों! स्थितिक घर्षण व गतिक घर्षण यांतील भेद फळ्यावर किती वेळां लिहिला याची गणती नाहीं. विद्यार्थिमित्रहो, एक वही दोन तळहातांत घट्ट दाबून धरा आणि दोन्ही हात एकदमच पुढें न्या. वही मुकाट्यानें बरोबर येते. हात सैल करा, वही मोकळी. पण अर्धवट दाबून हात तिच्यावरून घसरवूं लागलांत म्हणजे तळहात तापतात. क्लचचें सारें रहस्य यांत आलें. एक तळहात म्हणजे एंजिनाबरोबर फिरणारें जड फ्लायव्हील, दुसरा म्हणजे स्प्रिंगच्या जोरानें दाबणारी प्रेशर प्लेट, आणि वही ती क्लचची चकती, जी गिअरकडे गति पोंचविते. पाय पूर्ण वर असेल तर घर्षण आहे पण घसरण नाहीं, म्हणून झीज नाहीं. पाय पूर्ण खालीं असेल तर चकती मोकळी. तेव्हांहि तिची झीज नाहीं. (मात्र सिग्नलपाशीं मिनिटेंच्या मिनिटें तसाच दाबून बसलांत तर प्रेशर प्लेटची स्प्रिंग रेटणारें बेअरिंग झिजतें. तेथें गिअर काढून पाय खालीं जमिनीवर ठेवावा.) झीज काय ती मधल्या अवस्थेंत, जिला आपले चालक 'हाफ क्लच' म्हणतात.

ही अवस्था सर्वस्वी टाळतां येत नाहीं. उभी गाडी हलवावयाची तर क्षणभर घसरण हवीच; ती भिऊन एकदम पाय उचलला तर गाडी हिसका खाते व बंद पडते. प्रश्न आहे तो किती वेळ, आणि एंजिन किती वेगानें फिरत असतांना. त्या रात्रीं आम्हीं गणित मांडलें. एंजिनाचा वेग तोच ठेवून सपाट रस्त्यावर गाडी हलविली तर तिला जितकी गतिज ऊर्जा मिळते, जवळजवळ तितकीच क्लचमध्यें उष्णता होऊन जाते. १,००० किलोग्रॅमच्या गाडीचा वेग ताशीं १० किलोमीटर झाल्यावर चकतीनें पूर्ण पकड घेतली, तर ही उष्णता सुमारें ३,९०० जूल. तोच गिअर ठेवून एंजिन दुप्पट वेगानें गर्जवीत पकड ताशीं २० वर घेतली, तर सुमारें १५,४०० जूल, म्हणजे चौपट. आणि घाटांत आम्हीं जें केलें त्यांत गाडी तर जागची हलतच नव्हती. एंजिन जें काम क्लचला देत होतें त्याची सारी उष्णताच होत होती. हँडब्रेक हाताशीं असून आम्ही तें काम बिचाऱ्या चकतीकडून घेत होतों.

दुसरी खोड याहून मोठी, कारण ती दिसत नसे. "पाय क्लचवर तयार ठेवा," असें आम्हांस शिकतांना सांगण्यांत आलें होतें, व तें आम्ही सपाट रस्त्यावरहि पाळीत होतों. पायाच्या नुसत्या भारानेंहि स्प्रिंगचा दाब थोडा कमी होतो, बेअरिंग विनाकारण फिरत राहतें, आणि जोर पडतांच चकती घसरूं लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभीं पुष्कळ मोटारींत शंकूच्या आकाराचा क्लच असून त्यावर चामडें चढविलेलें असे. तें घसरूं लागलें म्हणजे चालक त्यावर मुलतानी माती टाकीत. त्यांच्यापाशीं निदान माती होती. आमच्यापाशीं सबबी होत्या.

गणितांतील दुसरा हिशेब मांडावयास जुलांची गरज नव्हती. गुरुजींनीं एका क्लचवर ५८,००० किलोमीटर काढले. आम्हीं तोच ७,००० मध्यें संपविला, व नवा कोरा १५,००० हि टिकूं दिला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों. ते झोंपाळ्यावर वर्तमानपत्र वाचीत होते. चष्म्यावरून पाहून म्हणाले, "या सर. तपासून झाले का पेपर?"

आम्हीं सर्व सांगितलें, मनांतला आरोपहि सांगितला. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग आंत वळून चहास सांगितलें, आणि आम्हांस विचारलें, "सकाळीं गाडी पहिल्या किल्लींत सुरू होते ना अजून?"

पुढच्या महिन्यांत त्यांस पांचगणीस कांहीं काम निघालें, तेव्हां आम्हीच घेऊन गेलों. घाटांत पुन्हां रांग होती. हँडब्रेक ओढलेला, गिअर काढलेला, डावा पाय खालीं. पुढची गाडी हलली कीं पहिला गिअर टाकून हळूच पाय उचलावा, चकती धरते असें जाणवतांच ब्रेक सोडावा. गुरुजी आमच्या शेजारीं बसले होते. तिसऱ्या वळणावर आम्हीं त्यांच्याकडे पाहिलें. त्यांस गाढ झोंप लागली होती.