तार खरवडून बघा

आज राजकारण नाही. गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय होता, स्पीकरची वायर. तो विषय फिरत फिरत घराच्या भिंतीत शिरला, म्हणून लिहितोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा ७८ वर्षांचे. गुडघ्यांमुळे बाहेर जाणं बंद. दिवसभराचा आधार म्हणजे हॉलमधला जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकरची जोडी. त्यावर रोज बापूराव, म्हणजे द. वि. पलुसकर. बापूरावांचा जन्म आपल्या नाशिकचा, १९२१ सालचा. त्यांचे वडील विष्णु दिगंबर यांचा पंचवटीतला आश्रम जुन्या लोकांना आठवेल. बापूराव १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी गेले. मागे राहिलं त्यातलं बरंचसं तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरचं. अण्णांना ते पाठ आहे, तरी रोज ऐकायचं असतं.

दिवाळीआधी घराला रंग दिला. सामान परत लावलं आणि दुसऱ्याच दिवशी अण्णा म्हणाले, "अरे, डग्गा कुठे गेला? आवाज पातळ लागतोय."

मी ऐकलं. मला काहीच फरक कळला नाही. सरळ म्हणालो, "अण्णा, एकदा कान तपासून घेऊ तुमचे." ते गप्प बसले. दोन दिवस त्यांनी गाणं लावलंच नाही.

मग मलाच वाईट वाटलं. कामानिमित्त दुसऱ्या शहरात गेलो होतो, तिथे एका मोठ्या शोरूममध्ये विचारलं. तिथला मुलगा फार गोड बोलला. म्हणाला, "सर, तुमची वायर जुनी झाली. ही घ्या." किंमत १८ हजार. वर म्हणाला, "लगेच फरक नाही जाणवणार. दोनशे तास वाजवा, मग केबल मोकळी होते."

म्हणजे लोणच्यासारखी मुरते म्हणा ना! हिशेब केला. दिवसाला दोन तास धरले तर दोनशे तासांना शंभर दिवस. माल परत करायची मुदत दहा दिवस. समजा फरक नाहीच जाणवला, तर दोष कोणाचा? आपल्या कानाचा.

१८ हजार काही माझ्याने झाले नाहीत. मोबाइलवरून साडेसातशेची वायर मागवली. 'शंभर टक्के शुद्ध तांबं' असं पाकिटावर मोठ्या अक्षरात. ती जोडायला आमचा एक मित्र आला. अंबडला एका कारखान्यात पॅनल वायरिंग करतो, हयात तारांत गेलेली. त्याने वायर हातात घेतली, नुसती तोलली आणि म्हणाला, "हलकी आहे रे." खिशातला कटर काढून तारेचा एक धागा खरवडला. वरचं तांबडं निघालं आणि आत पांढरं. अ‍ॅल्युमिनियम! वर तांब्याचा फक्त मुलामा.

मी चिडलो. तो शांत. म्हणाला, "थांब, आधी जुनी वायर बघू." पेन्सिल सेल घेतला. अ‍ॅम्प्लिफायरकडची टोकं सोडवून सेलला लावली, लाल प्लसला, काळी मायनसला. एका स्पीकरचा पडदा किंचित बाहेर आला. दुसऱ्याचा आत गेला.

"येड्या, एका बाजूची वायर उलटी जोडलीयस तू."

रंगकामानंतर मीच जोडली होती. एक पडदा बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, मग खर्जाचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. जुन्या तबकड्यांत दोन्ही स्पीकरना आवाज एकच जातो, त्यामुळे तिथे हा घोटाळा सगळ्यात जास्त. डग्गा खरंच गेला होता. अण्णांचे कान ठणठणीत होते. चूक माझी, आणि तपासायला मी पाठवत होतो त्यांना.

दोन टोकं अदलाबदल केली. खर्च शून्य.

जुन्या वायरचं आवरण तडकलं होतं, म्हणून ती बदललीच. पण मित्राने सांगितलेला हिशेब ऐका. स्पीकर आठ ओहमचा. पाच मीटर लांब दीड एमएम तांब्याच्या वायरीचा जाऊन-येऊन विरोध साधारण ०.१२ ओहम, म्हणजे दीड टक्का. घरच्या हॉलला एवढं पुष्कळ. अंतर फारच लांब असेल तर अडीच एमएम घ्या, विषय संपला. मुरण्याचं म्हणाल तर नव्या स्पीकरचा पडदा वापराने थोडा सैल होतो, कारण तो हलतो. तारेत असं सैल व्हायला काही नाही. सवय होते ती आपल्या कानाला. २००७ साली अमेरिकेत जेम्स रँडी यांनी सव्वासात हजार डॉलरच्या स्पीकर केबलवर पैज लावली होती. न बघता साध्या चांगल्या वायरपेक्षा ती ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घ्या. ती परीक्षा शेवटपर्यंत झालीच नाही.

निघताना मित्र जे बोलला ते मात्र अजून डोक्यातून जात नाही. "मुलाम्याच्या तारेने तुझ्या गाण्याचं फार बिघडलं नसतं. हीच तार भिंतीत गेली की बघ."

त्याचं म्हणणं असं. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा या तारेचा विरोध दीडपटीच्या आसपास. गिझर, इस्त्री, एसी चालू झाला की ती जास्त तापते. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने थर बसतो, तापून-निवून स्क्रूखालचा जोड ढिला होतो, मग तो जोड आणखी तापतो. आगीची सुरुवात अशा जोडातच होते.

मी वीस वर्षं बातम्या लिहितोय. 'शॉर्टसर्किटने आग लागल्याचा प्राथमिक अंदाज' हे वाक्य किती वेळा लिहिलं असेन, मोजदाद नाही. त्या दुकानात, त्या वाड्यात, त्या मंडपात वायर कुठली होती, हे मी एकदाही विचारलं नाही. अण्णांच्या कानांवर खापर फोडून मोकळा झालो, तसाच 'शॉर्टसर्किट' लिहून मोकळा होत आलो.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. लॉज वाढतायत, घरोघरी खोल्या निघतायत, पुढे मंडप उभे राहतील. किती मैल वायर ओढली जाईल विचार करा. म्हणून विनंती. बंडल घेताना आयएसआय खूण आणि आयएस ६९४ हा क्रमांक बघा. दीड एमएमच्या ९० मीटर बंडलात नुसतं तांबंच सव्वा किलोच्या आसपास भरतं, तेव्हा बंडल तोलून बघा. टोक खरवडा. आत पांढरं दिसलं तर ठेकेदार कितीही ओळखीचा असो, परत करा. पक्कं बिल घ्या. यापुढे आगीच्या बातमीत वायर कुठली होती हे मी विचारणार आहे. विसरलो तर मला टोका.

त्या संध्याकाळी अण्णांना म्हटलं, "माझं चुकलं. वायर मीच उलटी लावली होती."

ते म्हणाले, "मी सांगत होतो ना तुला." आणि हात पुढे करून आवाज थोडा वाढवला.