दोन दगडांपैकी एक

संत सेना महाराजांचा हजामतीच्या रूपकाचा अभंग आम्ही दोघेही गेली पंधरा-सोळा वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. विवेकाचा आरसा, वैराग्याचा चिमटा, शांतीचे पाणी, अहंकाराची शेंडी, काम-क्रोधाची नखे. फळ्यावर दोन रकाने आखावेत, एकीकडे उपमेय, दुसरीकडे उपमान लिहावे आणि घंटा होण्यापूर्वी हजेरी घ्यावी, असा आमचा परिपाठ. गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एक हात वर झाला. मुलाच्या वडिलांचे केशकर्तनालय आहे. त्याने विचारले, "सर, यात वस्तरा कुठं आहे?"

तो तास आमच्यापैकी कोणाचा होता, हे येथे सांगत नाही. कारण प्रश्न दोघांनाही सारखाच लागला. फळ्यावर वस्तरा नव्हता. पुस्तकात पाहिले, तेथेही नव्हता. बारीक हजामत करण्याची ग्वाही देऊन सुरू होणाऱ्या या अभंगात हजामतीचे मुख्य हत्यारच नाही, हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

आम्ही दोघेही मूळचे वडनेर भोलजीचे. नांदुरा तालुक्यातले हे गाव मलकापूर-नांदुरा दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर आहे. महामार्गाचा क्रमांक पूर्वी ६ होता, आता ५३ आहे. आमच्यापैकी एकाचे आजोबा गावचे म्हाली, म्हणजे न्हावी. दुसऱ्याच्या आजोबांच्या खळ्यावरून त्यांना दरसाल जवारीचे बलुते जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५चा 'गावगाडा' आम्ही एम.ए.ला शेजारी बसून वाचला, त्यावर टिपणे काढली. पण त्या गाड्यात आपण दोघे कोठे बसलो आहोत, हे एकमेकांशी कधी बोललो नाही. एकाने आजोबांचा धंदा सहकाऱ्यांना सांगितला नव्हता. दुसऱ्याला तो ठाऊक होता आणि त्याविषयी न बोलणे म्हणजे सौजन्य, असे तो समजत आला होता.

दिवाळीच्या सुटीत आम्ही गावी गेलो. काकांनी माळ्यावरून आजोबांची धोकटी काढून दिली. तीत वस्तरा, कात्री, नराणी, चामड्याचा पट्टा आणि तळहाताएवढा एक गुळगुळीत दगड होता. काकांनी पुढे महामार्गालगत दुकान थाटले. गेल्या शतकाच्या अखेरीस एड्सच्या भीतीने अर्धे पाते बसवायचा वस्तरा सगळीकडे रूढ झाला, तेव्हा त्यांनीही तो घेतला. तेव्हापासून हा जुना वस्तरा बंदच होता.

निघण्यापूर्वी आम्ही आमच्या सवयीने या विषयाचे वाचन केले होते. वस्तऱ्याला धार लावायची तर आजचे हौशी लोक दगडांची उतरंडच मांडतात: १००० क्रमांकाच्या दगडावर धारेचा उतार बसवायचा, मग ४०००, मग ८०००, शेवटी १२०००. जितका क्रमांक मोठा तितका दगडाचा कण बारीक. काकांना हे सांगितले. ते हसले आणि त्यांनी वाटीभर पाणी मागवले.

दगडाचाच एक तुटका तुकडा धोकटीत होता. ओल्या दगडावर तो घासून त्यांनी दाट चिखल केला. वस्तरा आडवा ठेवला. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या. वस्तऱ्याची घडणच अशी की उताराचा कोन पाठच राखते. हाताने दाब द्यायचा नसतो. दगडावर धार पुढे ठेवून सरकवायचे, टोकाला पाठीवर उलटवायचे आणि परत आणायचे. चिखल दाट असताना पोलाद लवकर कापले जाते. मग बोटाने थेंबथेंब पाणी सोडीत चिखल पातळ करीत न्यायचा. तो पातळ होतो तसे कापणे मंदावते आणि धार गुळगुळीत होत जाते. अखेरीस नुसत्या पाण्यावर काही हात. "दगड बदलू नोको, पानी बदल," काका म्हणाले. त्यानंतर पट्टा, तेथे मात्र पाठ पुढे, धार मागे, नाहीतर चामडेच कापले जाईल. शेवटचे दोन-चार हात स्वतःच्या तळव्यावर.

बेल्जियममधील आर्देन डोंगरांत गार्नेटचे सूक्ष्म कण असलेला पिवळसर दगड निघतो आणि त्यावरही असाच चिखल पातळ करीत एकाच दगडावर वस्तरा सिद्ध करतात, हे आम्ही वाचले होते. ते आठवून आम्हाला भरतेच आले. साधनांची काटकसर, कारागिराचा अपरिग्रह अशा शब्दांत आमचे बोलणे सुरू झाले. एका दगडाचे कौतुक करता करता आम्ही उत्तर-आधुनिक समीक्षेच्या वाढत्या हत्यारांवरही घसरलो. लेखाचा आराखडा तेथेच, त्या ओसरीवर तयार झाला होता.

काकांनी वस्तरा पुसता पुसता सांगितले, "दोन होते दगड. खरबरीत होता तो तुमच्या वाड्यात गेला, विळ्याले धार लावाले. सोंगनीचे दिवस होते." हे त्यांनी आमच्यापैकी दुसऱ्याकडे पाहून सांगितले, स्वरात तक्रार नव्हती. परत का मागितला नाही, असे विचारल्यावर म्हणाले, "ज्याच्या खळ्यावरून बलुतं आनाचं, त्याले दगड वापस दे म्हनाचं कसं?"

मग आजोबांनी काय केले? वस्तरा बोथट होऊच दिला नाही. बोथट झालेल्या धारेचा उतार नव्याने बसवायला खरबरीत दगड लागतो. धार नुसती उतरत असतानाच सावरली तर बारीक दगड पुरतो. म्हणून दिवसभर गावात फिरून आल्यावर ते रोज दिवेलागणीला दगड ओला करीत. चाळीस वर्षे. ज्याला आम्ही अपरिग्रह म्हणत होतो, तो न परतलेला दगड होता.

आराखडा तेथेच मिटला. संध्याकाळी आम्ही दोघे वाड्यावर गेलो. दगड शोधावाही लागला नाही. विहिरीच्या थाळ्याशी तो आजही विळ्यांसाठी वापरात आहे. दोघांनी मिळून तो धुतला आणि काकांकडे नेला. त्यांनी वस्तरा त्यावर आडवा ठेवून पाहिला. पाठ टेकली, टोके टेकली, मधोमध उजेड दिसत होता. विळ्यांनी दगड खोलगट केला होता. "याच्यावर आता वस्तरा बसनार नाई," ते म्हणाले, आणि तरीही त्यांनी तो आत नेऊन ठेवला. परतीच्या वाटेवर आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

त्या विद्यार्थ्याला पुढे आम्ही काय उत्तर दिले? अभंगात वस्तरा का नाही, याचा एक तर्क असा की सेना महाराजांनी समोर बसलेल्या माणसाला दिसेल, जाणवेल तेवढेच सांगितले: आरसा, चिमटा, पाणी. धार त्याला दिसत नाही, आणि ती कशी राखली जाते हे तर त्याला कधीच दिसत नाही. हा तर्कच आहे, असे आम्ही वर्गात स्पष्ट सांगितले. आमच्यापैकी एकाने आपले आजोबा कोण होते हेही सांगितले. दुसऱ्याने दगडाची हकीकत सांगितली. ती त्यानेच सांगावी असे ठरले होते.

आता अभंग शिकविताना फळ्यावर तिसरा रकाना असतो: अभंगात नसलेल्या वस्तूंचा. तो विद्यार्थ्यांनी भरायचा. वस्तरा, दगड, पट्टा, धोकटी ही नावे पटापट येतात. यंदा एका मुलीने उठून त्यांच्याखाली 'बलुते' असे लिहिले आणि ती जागेवर जाऊन बसली.