बारीक धार

यवतमाळात बोटीच्या इंजिनांचा मिस्त्री आहे म्हटलं की लोक आधी हसतात. समुद्र कुठे अन् आपण कुठे! पण दक्षिणेला पैनगंगा, पलीकडच्या अंगाला वर्धा आणि मधे बेंबळा, अरुणावती, पूस, इसापूरचे जलाशय असले की रबर बोट लागतेच. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढलं, तेव्हा वायुदलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली होती. तसल्या दिवशी काठावरची बोट सुरू होणं म्हणजे काय, हे आम्हा मंडळींना वेगळं सांगावं लागत नाही.

मूळचा मी विहिरीवरच्या डिझेल इंजिनांचा माणूस. ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे टांगायचं मशीन, पहिल्यांदा उघडलं तेव्हा सवयीनं रेडिएटर शोधला. तो नसतोच. खाली पंख्याजवळच्या जाळीतून नदीचंच पाणी आत ओढलं जातं, सिलिंडरभोवती फिरतं आणि परत नदीत जातं. त्यातली थोडीशी धार मागच्या बाजूच्या छोट्या भोकातून बाहेर उडते. तापलेल्या मशीनची नाडी म्हणजे ही धार. ती दिसत असेल तर घाईचं कारण नाही. दिसत नसेल तर मशीन त्याच क्षणी बंद करायचं. नव्या मशीनमध्ये शिट्टी वाजते आणि फेरे आपोआप कमी होतात. मग चालवणारा म्हणतो, जोर कमी पडून राह्यला, आणि आणखी रेस देतो. तिथे पिस्टन जाम होतो.

एका जुलैत रात्री फोन आला. "भाऊ, मशीन लय तापून राह्यली. शिट्टी बी वाजली."
"धार येते का?"
"थेंब थेंब."
"बंद ठेवा. अन् वरून थंड पाणी नोका टाकू."

तापलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी ओतलं की ते तडकू शकतं, आणि घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो.

पहाटे पोचलो. आधी धारेच्या भोकात तार घातली. हसू नका, शेडमध्ये पडून असलेल्या मशीनच्या या भोकात कुंभारमाशी चिखलाचं घर करते. नुसत्या तारेनं दुरुस्त झालेली मशीन मी पाहिली आहेत. इथे भोक मोकळं होतं. मग खालची जाळी. पुराच्या पाण्यात काय नसतं? कुटार, पऱ्हाटीच्या काड्या, कॅरीबॅग. जाळी अर्धी बुजलेली होती. साफ करून सुरू केलं, तरी धार बारीकच. मग बोट काठावर ओढून मशीनचा खालचा पाय उतरवला आणि पंपाचं झाकण काढलं.

पंपात रबराचं इम्पेलर असतं, सहा पाकळ्यांचं. ते ज्या वाटीत फिरतं तिच्या मध्यावर ते बसवलेलं नसतं, मुद्दाम एका बाजूला सरकवलेलं असतं. त्यामुळे एका अंगाला पाकळ्या दुमडतात, दुसऱ्या अंगाला उलगडतात, आणि त्या उलगडण्यातच पाणी ओढलं जातं. आता हे मशीन वर्षातले दहा-अकरा महिने शेडमध्ये उभं. त्या काळात ज्या पाकळ्या दुमडलेल्या असतात त्या तशाच वाकड्या होऊन बसतात, रबर कडक होतं. मग मे महिन्यात मान्सूनपूर्व तयारीची तारीख लागते. कोणीतरी "पाहू दे बरं चालते का" म्हणून मशीन कोरडंच सुरू करतो. पाणी हेच त्या रबराचं वंगण. कोरड्यात काही सेकंदांतच पाकळ्यांच्या कडा भाजतात. नंतर धरणाच्या नितळ पाण्यात दहा मिनिटं फेरी, फोटो, शेरा: सुस्थितीत. आणि खरं काम निघतं तेव्हा पाणी कसलं, तर काळ्या मातीचा रबडा अन् वाळू. वाळू वाटीला आतून ओरखडे पाडते, अन् पाकळी कितीही नवी टाका, पाणी फटीतून मागेच सरकतं. आमच्याकडची मशीन चालून मरत नाहीत, उभी राहून मरतात, असं मी म्हणतो ते यासाठी. तपासणी करायचीच तर दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाय बुडवून महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं चालवा. फोटो काढायचा तर तेव्हाही काढा.

तेलाचं प्रमाण चुकलं, जेटमध्ये कचरा अडकला, मशीन फार उंच टांगल्यानं पंपात हवा शिरली, ही कारणंही असतात. पण माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा उत्तर पंपातच मिळतं.

त्या दिवशीच्या इम्पेलरला पाकळ्या तीनच होत्या. तुटलेल्या तीनपैकी दोन वाटीतच सापडल्या. सोबतचा पोरगा म्हणाला, "नवीन टाकून देऊ ना भाऊ, एका तुकड्यानं काय होते?" होतं. तो तुकडा पाण्यासोबत वर जातो आणि एखाद्या अरुंद वळणावर आडवा बसतो. नवं इम्पेलर टाकूनही मशीन तापत राहतं, मग लोक हेड खोलतात, गॅस्केट बदलतात, हजारो रुपये घालवतात.

वरून उलटा पाइप लावून पाणी सोडलं. गाळ आला, तुकडा नाही. मग थर्मोस्टॅट काढला. तो ठीक आहे का हे पाहायची रीत सोपी: दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडायचा, पाणी तापवायचं आणि तो किती अंशांवर उघडतो ते थर्मामीटरवर बघायचं. आमच्या घरी यासाठी एक पातेलं कायमचं वेगळं काढलेलं आहे. चहाचं वापरल्यावर एकदा जे ऐकावं लागलं त्याची ती आठवण. इथे पातेल्याची गरजच पडली नाही. थर्मोस्टॅटच्या बैठकीतच काळा तुकडा रुतून बसला होता, तुरीच्या दाण्याहून थोडा मोठा.

सगळं जोडून बोट पाण्यात ढकलली. दुसऱ्या ओढीला मशीन लागलं. धार हातावर घेतली. कोमट होती.