माणसांची टॅली

बँकेतला एक नियम जुना आणि निर्दय आहे: दिवसाअखेर कॅश टॅली झाल्याशिवाय कॅशियरने उठायचं नाही. कोअर बँकिंग आलं, तरी दहा रुपये कमी भरले की भलेभले अजून टेबलाखाली वाकून नोट शोधतात. दहा रुपयांसाठी जे करतो ते घरातल्या पाच माणसांसाठी का करू नये, असा थोर विचार मनात आला आणि मी घरी परिपत्रक काढलं: रोज रात्री साडेआठला सर्वांनी एकत्र जेवायचं. माणसं टॅली झाल्याशिवाय पहिला घास नाही.

परिपत्रकांचं जे बँकेत होतं तेच घरी झालं. चिरंजीव म्हणाले, "क्लास आहे." कन्या म्हणाली, "बाबा, मला साडेआठला भूकच नसते." (तिला भूक साडेअकराला लागते, तीही नूडल्सची.) अण्णा, म्हणजे माझे वडील, सात वाजताच टीव्हीसमोर ताट घेऊन बसतात, बातम्यांशिवाय त्यांना अन्न पचत नाही. सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, "अहो, तुम्ही स्वतः किती वाजता येता?" हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याने मी फेटाळला.

शेवटी वाटाघाटी होऊन महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, दुपारी एक, यावर तह झाला. सप्टेंबर २०१५ पासून या दोन शनिवारी बँका बंद असतात. जेवताना फोन फ्रिजवर ठेवायचे, ही उपसूचना कन्येच्या विरोधासह मंजूर झाली.

पहिल्याच शनिवारी ताटं वाढली आणि माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. वर मध्ये मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. अहो, हे तर चक्क खातं! डावी बाजू नावे, उजवी बाजू जमा. लुका पाचोली नावाच्या इटालियन गृहस्थांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये द्विनोंदी पद्धत छापली आणि नाव कमावलं. आमच्या आजीने ती रोज दोन वेळा वाढली, पण तिचं नाव एकाही क्रमिक पुस्तकात नाही! माझं व्याख्यान रंगात येत होतं तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "बाबा, टॅली लागत नाही. आपण चारच आहोत."

पाचवी स्वयंपाकघरात फुलके लाटत होती. एकेक गरम फुलका येत होता आणि आणणारी परत जात होती. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हा फरक असाच पुढच्या पानावर ओढला गेला आहे. अण्णा म्हणाले, "सूनबाई, गॅस बंद कर. गार फुलक्याने कोणी मेलेलं नाही." तेव्हापासून पोळ्या आधी होतात, भांडी मध्ये येतात आणि ज्याला जे हवं ते तो वाढून घेतो. आमटीत मीठ कमी आहे, हे त्या दिवशी प्रथमच सौभाग्यवतींनी स्वतः जाहीर केलं.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली. "काय चाललंय?" असं समोर उभं राहून विचारलं, की घरातलं माणूस "काही नाही" म्हणतं. पण हात ताटात आणि नजर वाटीत असली, की तेच माणूस ताकभातापर्यंत आपणहून बोलू लागतं. चिरंजीवांना सी.ए. व्हायचं नाही, हे मला मठ्ठ्याच्या दुसऱ्या वाटीला कळलं. वाटी संपवूनच मी उत्तर दिलं. भरल्या तोंडाने रागावता येत नाही, ही सहभोजनाची मोठीच सोय.

आणि दोनेक महिन्यांनी ती भूक नसलेली कन्या म्हणाली, "आजोबा, तुम्ही कोशिंबीर घेतच नाही. भाकरीचाही पापुद्रा तेवढा खाता."

"वय झालं गं," अण्णा म्हणाले.

खोदून विचारल्यावर कळलं, की कवळी हिरड्यांना लागते म्हणून ती कपाटात पडून आहे, आणि उगाच खर्च नको म्हणून अण्णांनी तोंड मिटून ठेवलं आहे. उतरलेलं वजन वयाच्या खात्यावर पडत होतं. सातच्या बातम्यांत ही बातमी कधीच आली नसती.

कवळी दुरुस्त झाली. अण्णा आता काकडी कराकरा चावतात आणि अर्धी भाकरी मागून घेतात. जागा मात्र त्यांना कन्येच्या शेजारचीच लागते. तिथून टीव्ही दिसत नाही, अशी तक्रार त्यांनी अजून केलेली नाही.