आधी पाय जमिनीवर

आषाढी पौर्णिमेनंतर बौद्ध परंपरेतला वर्षावास सुरू होतो. पूर्वी या काळात भिक्खू चारिका थांबवून एका जागी राहत. आजही महाराष्ट्रातल्या विहारांत आणि घराघरांत या तीन महिन्यांत बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. त्याच दिवसांत आंबोली ढगांत बुडालेली असते. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारे हे गाव. शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, पण सोमवारी सकाळी हिरण्यकेशीच्या रस्त्यावर चिटपाखरू नसते. ध्यानाला बसायला याहून चांगली जागा कुठली, असे कुणालाही वाटेल. डोळे मिटा, पावसाचा आवाज ऐका, एवढे सांगितले की झाले.

सगळ्यांचे तेवढ्याने होत नाही.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. ३० जुलै २०१४ला माळीणमध्ये दीडशेच्या वर गेली होती. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. आपली माणसे अशी मातीखाली जाताना ज्याने पाहिली, त्याला डोळे मिटून पाऊस ऐकायला सांगणे म्हणजे त्याच क्षणात पुन्हा नेऊन उभे करणे. एकाला शांत करणारा आवाज दुसऱ्याच्या छातीत धडकी भरवतो. श्वासाचेही तसेच. ज्याचा गळा कधी कुणी आवळला, जो पुरात बुडता बुडता वाचला, त्याला नाकपुडीपाशी लक्ष ठेवताच गुदमरल्यासारखे होऊ शकते. आघाताची आठवण नुसत्या शब्दांत राहत नाही. ती शरीराच्या दक्षतेत राहते. धोका टळला तरी शरीर पहारा सोडत नाही, आणि डोळे मिटले की त्या पहाऱ्याला आणखीच जोर चढतो.

म्हणून आघात सोसलेल्या माणसाबरोबर ध्यानाला बसताना पहिला प्रश्न असतो तो लक्ष कुठे टेकवायचे हा. किती वेळ बसायचे, हे नंतर. प्रस्तुत लेखकाला हे कसब आधुनिक मानसशास्त्राइतकेच एका जुन्या कथेतून उमगले. ती कथा पटाचारेची.

श्रावस्तीच्या श्रीमंत घरातली ही मुलगी घरच्या नोकराबरोबर निघून गेली होती. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी माहेरी परतताना वाटेत वादळी पाऊस झाला. आडोशासाठी फांद्या तोडायला गेलेला नवरा सर्पदंशाने मेला. नदी ओलांडताना तान्हे मूल ससाण्याने उचलले आणि थोरले प्रवाहात वाहून गेले. श्रावस्तीजवळ पोचल्यावर कळले की त्याच रात्रीच्या पावसात माहेरचे घर कोसळून आईवडील आणि भाऊ ठार झाले आहेत, त्यांची चिता अजून जळते आहे. तिचे भान सुटले. अंगावरचे वस्त्र गळून पडले, लोक तिला ढेकळे मारू लागले. अशा अवस्थेत ती बुद्धांचा मुक्काम असलेल्या जेतवनात आली.

थेरीगाथेवरच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या पाली भाष्यात, पुढचा क्रम नोंदवलेला आहे, आणि तो क्रमच महत्त्वाचा. तिला अडवू पाहणाऱ्या लोकांना बुद्धांनी थांबवले. तिला बहीण म्हणून हाक मारून भानावर यायला सांगितले. कुणीतरी आपले उपरणे तिच्याकडे टाकले. मग तिने घडले ते सगळे सांगितले आणि बुद्धांनी ऐकून घेतले. उपदेश त्यानंतर. भिक्खुणी संघातला प्रवेश त्याच्याही नंतर. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२च्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या पुस्तकात बरे होण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणे. पटाचारेच्या कथेत उपरणे, कहाणी आणि संघ याच ओळीने येतात.

त्याहून बारीक गोष्ट पुढे आहे. पटाचारेचे चित्त स्थिरावले ते पाय धुताना. उंचावरून सखल जागी वाहत जाणारे पाणी ती पाहत होती. डोळे उघडे, लक्ष बाहेर, नजरेसमोर एक साधी हलती गोष्ट. जिने सारे काही पाण्यात आणि पावसात गमावले, तिला पाण्यानेच आधार दिला, पण तो नंतर, सुरक्षित जागी, ओंजळभर मापाने.

हे माप सांभाळणे म्हणजेच या साधनेतले कसब. आंबोलीत त्याचे रूप अगदी साधे असते. बसण्याआधी चालायचे, पाली परंपरेतले चंक्रमण. डोळे उघडे, टाच टेकली, चवडा टेकला. जांभ्याच्या गडग्यावर तळहात ठेवायचा, त्याचा खरबरीतपणा आणि गारवा जाणवू द्यायचा. दाराकडे पाठ करून कुणाला बसवायचे नाही. छाती धडधडू लागली तर अंग आवळून बसायचे नाही. उठायचे, समोर दिसणाऱ्या चार वस्तूंची नावे घ्यायची, चहा घ्यायचा. काही मिनिटे धीटपणे आणि परत सुखरूप, एवढे जमले तरी त्या दिवशीची साधना पुरी झाली. अधिष्ठान घेऊन तासभर न हलता बसण्याची साधना निरोगी मनाला बळ देते. जखमी मनाला तीच पुन्हा कोंडल्यासारखी वाटू शकते, कारण न हलता सोसणे त्याने आधीच भरपूर केलेले असते.

महाराष्ट्रात ध्यान म्हटले की इगतपुरीचे विपश्यना केंद्र धम्मगिरी आठवते. आंबोलीहून आजरामार्गे कोल्हापूरकडे गेले की आळत्याजवळ त्याच परंपरेचे धम्मालय आहे. या परंपरेचे आचार्य सत्यनारायण गोयंका १९५५ मध्ये रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते अर्धशिशीला कंटाळून. निव्वळ शारीरिक आजार बरा करण्यासाठी ही विद्या देणार नाही, असे ऊ बा खिन यांनी त्यांना आधी सांगितले होते. आजही या केंद्रांच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले असते की शिबिर हा औषधोपचारांना पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी ते करू नये. ही सूचना वाचून सोडून देण्याची नाही. २०१५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आघातोत्तर तणावाचा विकार (पीटीएसडी) असलेल्या ११६ माजी सैनिकांवरची चाचणी आली. सजगतेच्या प्रशिक्षणाने त्यांनी स्वतः सांगितलेली लक्षणे सौम्य झाली, पण निदानातून बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण दुसरा उपचार घेतलेल्या गटापेक्षा वेगळे नव्हते. ध्यान टेकू देते. गोळ्या चालू असतील तर त्या चालूच राहायला हव्यात, आणि रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

एकच पद्धत सगळ्यांना लावायची नाही, हे जुन्या आचार्यांना ठाऊक होते. गोव्यातल्या साखवाळला १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी ‘विसुद्धिमग्ग’ हा जुना पाली ग्रंथ संपादित केला आणि ‘समाधिमार्ग’ लिहून तो विषय मराठी वाचकाच्या हाती दिला. ‘विसुद्धिमग्गा’त चाळीस कर्मस्थाने, म्हणजे ध्यानाचे विषय, आहेत आणि माणसांच्या स्वभावाचे सहा प्रकार. ज्याच्यात द्वेष पेटलेला आहे त्याला रंगांवर लक्ष ठेवायला किंवा मैत्रीभावना करायला सांगितले आहे; आनापान, म्हणजे श्वासावरचे ध्यान, मोहचरित (गोंधळलेल्या) आणि वितर्कचरित (विचारांत भरकटणाऱ्या) माणसासाठी. वैद्य नाडी पाहून मात्रा ठरवतो, तशी ही निवड.

आणि काही जखमा एकट्याच्या नसतातच. जातीच्या अपमानाने पिढ्यान्पिढ्या दुखावलेल्या माणसांना १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्म दिला तो लाखोंच्या समुदायात. बाबासाहेबांच्या मांडणीत दुःखाचे मूळ समाजातल्या अन्यायातही आहे. अन्याय चालूच असताना पीडिताला नुसते मन शांत ठेवायला शिकवणे हे धम्माचे काम नव्हे. वर्षावासात विहारात ओळीने बसून वाचन ऐकणाऱ्या बायकांना ध्यानाचे तंत्र कुणी शिकवलेले नसेलही. पण शेजारी आपले माणूस बसलेले असणे, हा आघातावरचा मोठा आधार त्यांना तिथे मिळतो.

मैत्रीभावनेबद्दल एक गैरसमज मात्र फार नुकसान करतो. ज्याने छळले त्याला क्षमा कर, मग मोकळी होशील, असे मारहाण सोसलेल्या बाईला सर्रास सांगितले जाते. ‘विसुद्धिमग्गा’तला क्रम तसा नाही. सुरुवात स्वतःपासून, मग आदरणीय व्यक्ती, मग जिवलग, मग तटस्थ माणूस, आणि वैरी सर्वांत शेवटी. वैऱ्यापासून आरंभ करू नये, असे तिथे बजावलेले आहे. स्वतःसाठी मंगल चिंतणेही जिला जड जाते, तिने शेजारच्या लेकरापासून किंवा गोठ्यातल्या वासरापासून सुरुवात केली तरी चालते. छळणारा अजून त्याच घरात असेल, तर मैत्रीभावनेच्या आधी तिला राहायला दुसरी जागा, पोलीस ठाण्यात सोबत येणारे माणूस आणि वकील मिळवून द्यायला हवा.